गोड बातमीपासून सव्वा महिन्यानंतरपर्यंत : घरातील वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावे असे काही

उलव्यातील कोणत्याही गृहसंकुलात संध्याकाळी खाली उतरले, तर बाकांवर साताऱ्याची, कोकणातली, खानदेशातली मराठी एकाच वेळी कानी पडते. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि नोकरदार तरुण जोडप्यांनी येथे संसार थाटले. त्यांच्यामागोमाग त्यांचे आईवडीलही येऊ लागले. पूर्वी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जात असे. आता पुष्कळदा माहेरच दोन पिशव्या घेऊन लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला येते.

आपणही कदाचित अशाच एखाद्या घरातील आजी किंवा आजोबा असाल. आपल्या घरातील सून किंवा लेक मनातली शंका सर्वांत आधी आपल्याला विचारते, किंवा सर्वांत आधी आपल्यापासूनच लपवते. रक्तस्राव, पोटातील वेदना, शरीरसंबंधाची भीती या गोष्टी लपल्या की उपचाराला उशीर होतो आणि हा उशीर काही वेळा जिवावर बेततो. म्हणून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची आजच्या वैद्यकशास्त्रातील उत्तरे आपल्यापाशी असणे आवश्यक आहे.

पाळी चुकली, चाचणी केव्हा करावी?

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. लघवीच्या चाचणीत तेच शोधले जाते. पाळी चुकल्याच्या दिवसापासून ही चाचणी भरवशाची ठरते. सकाळच्या पहिल्या लघवीत संप्रेरकाचे प्रमाण अधिक असते, म्हणून ती घ्यावी. चाचणीचे किट औषधांच्या दुकानात मिळते. आशा कार्यकर्तीकडेही चौकशी करता येते.

पट्टीवर ‘सी’ व ‘टी’ अशा दोन खुणा असतात. ‘सी’ची रेष उमटलीच नाही, तर ती चाचणी बाद समजावी. ‘टी’ची रेष पुसट असली तरी, वेष्टनावर दिलेल्या वेळेत उमटली असेल तर, बहुधा गर्भधारणा झालेली असते. तासाभराने दिसलेल्या रेषेवर मात्र विसंबू नये. उत्तर नकारार्थी आले आणि तरीही पाळी आली नाही, तर तीन-चार दिवसांनी चाचणी पुन्हा करावी. शंका उरल्यास डॉक्टर रक्ताची चाचणी सांगतात. लघवीत मीठ, साखर किंवा टूथपेस्ट घालून पाहण्याचे जे उपाय मोबाईलवर फिरतात, त्यांना कोणताही शास्त्रीय आधार नाही.

दिवस कसे मोजतात?

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे साधारणपणे नऊ महिने आणि सात दिवस. म्हणूनच पाळी चुकते त्या दिवशी गर्भारपणाचे सुमारे चार आठवडे मोजून झालेले असतात. ‘लग्नाला महिनाच झाला, मग डॉक्टरांनी सहा आठवडे कसे लिहिले?’ असा संशय काही घरांत विनाकारण शिरतो. तो या मोजणीच्या पद्धतीमुळे येतो, हे ध्यानात असू द्यावे.

सुरुवातीलाच रक्त गेले तर?

पहिल्या तीन महिन्यांत थोडाफार रक्तस्राव अनेक स्त्रियांना होतो आणि त्यांपैकी पुष्कळजणींचे गर्भारपण पुढे सुरळीत पार पडते. तरीही प्रत्येक वेळी डॉक्टरांना कळवावे. ‘असे होतेच’ म्हणून घरी थांबवून ठेवू नये.

एक धोका विशेष सांगावयास हवा. शंभरातील एक-दोन गरोदरपणांत गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुधा गर्भनलिकेत रुजतो. अशा वेळीही चाचणीत दोन रेषा येतात आणि घरात पेढे वाटले जातात. पुढे नलिका फुटली, तर पोटात रक्तस्राव होऊन स्त्री काही तासांत दगावू शकते. ओटीपोटात एका बाजूला तीव्र वेदना, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे, अंग थंड पडणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यातील सोनोग्राफीत गर्भ कोठे रुजला आहे ते कळते. म्हणून ही तपासणी महत्त्वाची आहे.

गर्भपात झालाच, तर घरात कारण शोधण्याची घाई होते: पपई खाल्ली, जिना चढली, लोकलने गेली, कोणाची दृष्ट लागली. लक्षात आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० टक्के आपोआप थांबतात आणि सुरुवातीच्या बहुतेक गर्भपातांमागे गर्भातील गुणसूत्रांचा दोष असतो. त्यात त्या स्त्रीचा काहीही अपराध नसतो. घरातील ज्येष्ठ व्यक्तीने हे एक वाक्य सर्वांसमक्ष उच्चारले, तर तिच्या मनावरचा मोठा भार उतरतो.

कोणत्या तपासण्या, आणि कशासाठी?

पहिल्या भेटीत रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्तशर्करा, थायरॉईड, लघवी, तसेच एचआयव्ही, सिफिलिस व हिपॅटायटिस ‘बी’ या तपासण्या सांगितल्या जातात. एचआयव्हीची तपासणी सर्वांनाच सुचवली जाते. तीत तिच्या चारित्र्यावर संशय नसतो. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर अँटी-डी इंजेक्शनची गरज भासते. बाळ पॉझिटिव्ह असल्यास ते प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत द्यावयाचे असते. थॅलसेमियाची वाहक असल्याचे आढळल्यास पतीचीही रक्ततपासणी करावी लागते. त्याने ती टाळू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे.

पहिली सोनोग्राफी झाल्यावर ११ ते १४ आठवड्यांदरम्यान दुसरी आणि १८ ते २० आठवड्यांदरम्यान व्यंगांसाठीची तिसरी केली जाते. पहिले तीन महिने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. गर्भधारणेच्या आधीपासून सुरू केल्यास अधिक चांगले. लोहाच्या गोळ्या दुसऱ्या तिमाहीपासून सुरू होतात. ‘गोळ्यांनी बाळ काळे होते’ हा निव्वळ गैरसमज आहे.

उलव्यातील कुटुंबांना गव्हाणचे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय ही सरकारी ठिकाणे जवळची आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते.

‘मुलगा की मुलगी’ हे मात्र कोणालाही विचारू नये, थट्टेनेही नाही. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मधला आहे. गरोदर स्त्रीची अशी तपासणी झाली, तर पतीने किंवा नातेवाइकांनीच तिला भाग पाडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे त्यांना सिद्ध करावे लागते.

गरोदरपणी पतिपत्नींनी जवळ यावे का?

गर्भारपण सुरळीत असेल, तर शरीरसंबंधाने बाळाला इजा होत नाही. ते गर्भाशयात पाण्याच्या पिशवीत सुरक्षित असते. रक्तस्राव, वार खाली असणे, पाणी जाणे, मुदतपूर्व कळा अशा स्थितीत डॉक्टर मनाई करतात आणि ती पाळावी. एरवी दोघांच्या खोल्या वेगळ्या करण्याचे कारण नाही.

बाळंतपणानंतर केव्हा?

या प्रश्नाचा संकोच जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना उघडपणे उत्तरे दिली. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. आज खटल्याचे भय नाही, तरी हा प्रश्न अजून कुजबुजीतच राहतो.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रीत आहे. प्रसूतीनंतरचा स्राव थांबायला आणि गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. त्या दृष्टीने ही रीत सुज्ञपणाची आहे. मात्र सव्वा महिना संपला की शरीर सिद्धच झाले, असा तिचा अर्थ नाही. स्राव थांबलेला असावा, टाके भरलेले असावेत आणि मुख्य म्हणजे तिची इच्छा असावी. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही हेच लागू आहे. काहींना दोन महिने लागतात, काहींना सहा.

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असते. त्यामुळे योनिमार्गात कोरडेपणा येतो आणि संबंध वेदनादायी होतात. पतीविषयी प्रेम आटले असे त्यावरून समजू नये. पाण्याचा अंश असलेले वंगण औषधांच्या दुकानात मिळते, त्याने आराम पडतो. वेदना टिकून राहिल्या, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलगा घाई करीत असेल, तर घरातील वडिलांनी किंवा आजोबांनी त्याला बाजूला घेऊन समजावावे.

एका शयनगृहाच्या फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते : दाराआड कायम कोणीतरी असते. बाळाचे पोट भरले, की त्याला घेऊन आपण तासभर खाली चक्कर मारून यावे. त्या वेळात दोघे बोलोत, झोपोत किंवा नुसते चहा पीत बसोत.

अंगावर पाजत असताना दिवस राहतात का?

राहू शकतात. बाळ सहा महिन्यांहून लहान असणे, पाळी परत आलेली नसणे आणि बाळाला दिवसरात्र केवळ आईचे दूध मिळणे, या तिन्ही अटी पाळल्या जात असतील तोवरच स्तनपानापासून भरवशाचे संरक्षण मिळते. एक अट तुटली की ते सरते. स्त्रीबीज पाळी येण्याच्या आधी सुटते, त्यामुळे पाळी न येताच पुन्हा दिवस राहिल्याची उदाहरणे आपणही पाहिली असतील. एका प्रसूतीनंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान दोन वर्षांचे अंतर असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. निरोध, प्रसूतीनंतर बसवता येणारी तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या हे पर्याय सरकारी केंद्रांत उपलब्ध असतात. इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या पाजत्या आईने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

ती सारखी रडते

पहिल्या आठवड्यातील रडवेलेपणा बहुधा आपोआप ओसरतो. तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, बाळाकडे पाहावेसे वाटेना, बाळ झोपले असतानाही झोप येईना, तर हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवले, तर तिला एकटे न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

तातडीने रुग्णालय गाठावे अशी लक्षणे

• तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव
• तीव्र पोटदुखी, घेरी किंवा शुद्ध हरपणे
• प्रसूतीनंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव
• असह्य डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे, झटके
• एका पोटरीला सूज व वेदना, छातीत दुखणे, धाप लागणे

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. तपासण्यांची फाईल आणि तिचा रक्तगट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावा.

यापैकी सर्वच आपल्या लक्षात राहील असे नाही. सुनेने किंवा लेकीने काही विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर ‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ असे म्हणून विषय मिटवू नये. ‘उद्या आपण दोघी जाऊन डॉक्टरांना विचारू’ इतके म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच तिच्यासोबत जावे.