मोटरसायकलची ब्रेक लाइट लागत नाही?

ब्रेक लाइट बंद पडल्याचं सगळ्यांत शेवटी कळतं ते गाडी चालवणाऱ्याला. मागचा लाल दिवा पेटलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण मागच्या साध्या बल्बमध्ये दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा असतात. रात्रीच्या दिव्यासाठी ५ वॉटची आणि ब्रेकसाठी २१ वॉटची. एक जळली तरी दुसरी चालूच राहते.

अंधार पडल्यावर गाडीची मागची बाजू भिंतीजवळ आणा. चावी चालू करा. जुन्या गाड्यांना इंजिनही चालू करावं लागतं. आधी फक्त हाताचा ब्रेक दाबा, मग फक्त पायाचा. भिंतीवरचा लाल उजेड वाढतो का, ते मान वळवून पाहा.

एका ब्रेकने लाइट लागते आणि दुसऱ्याने नाही? मग बल्ब आणि फ्यूज शाबूत आहेत, दोष त्या दुसऱ्या ब्रेकच्या स्विचचा. इथे बल्ब बदलून पैसे वाया घालवू नका.

पायाच्या ब्रेकचा स्विच एका बारीक स्प्रिंगने पेडलला जोडलेला असतो. ही स्प्रिंग तुटते, सुटते किंवा चिखलाने जाम होते. ब्रेक आवळून घेतल्यावरही स्विचचं गणित बिघडतं : लाइट उशिरा लागते, नाहीतर विझतच नाही. जुळवताना स्विच हाताने धरून ठेवा आणि फक्त त्याची नट फिरवा. नवखे लोक स्विचच फिरवतात आणि वायरी पिळवटून तुटतात. ब्रेक पकडण्याच्या किंचित आधी लाइट लागली पाहिजे.

हाताच्या ब्रेकचा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो. त्याच्या दोन वायरी काढून एकमेकींना टेकवा. लाइट लागली, तर स्विच गेला. वायरी गाडीच्या बॉडीला मात्र लागू देऊ नका, फ्यूज उडेल.

दोन्ही ब्रेकने लागत नसेल, तर हॉर्न आणि इंडिकेटर तपासा. तेही बंद असतील तर आधी फ्यूज पाहा. जादा करंट आला की स्वतः जळून वायरिंग वाचवणारी ही बारीक तार. नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा हवा. त्याजागी तांब्याची तार गुंडाळणं म्हणजे वायरिंग जाळायची तयारी.

हॉर्न वाजतोय? मग बल्ब काढा. तो दाबून डावीकडे फिरवला की निघतो. त्याच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात. उलटा कोंबून बसवला तर २१ वॉटची तार सतत पेटलेली राहते आणि ब्रेक दाबल्यावर उजेड वाढल्याचं जाणवतही नाही. बल्ब चांगला असेल, तर होल्डरमधला हिरवट गंज पॉलिश पेपरने घासा. पावसाळ्यानंतर किंवा प्रेशरने धुतल्यानंतर बंद पडलेल्या लाइटमागे बऱ्याचदा हाच गंज निघतो.

ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा उलट मंद होतो किंवा इंडिकेटर मिणमिणतो? हा दोष अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीचा. तिचा जोड साफ करून घट्ट आवळा.

मागे एलईडी असेल, तर घरी बदलण्याजोगा बल्बच नसतो. स्विच आणि फ्यूज तपासून झाल्यावर गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या, आणि ती दुरुस्त होईपर्यंत रात्री बाहेर काढू नका.