घरातलं विज्ञान : फोमचा डोंगर पेटतो का?

घरी छोट्या रेल्वेचा देखावा उभारणारे डोंगर-बोगद्यांसाठी गुलाबी किंवा निळा फोम बोर्ड हमखास घेतात. तापलेली तार फिरवली की तो लोण्यासारखा कापला जातो. हे पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलचंच जास्त घट्ट रूप. त्यात प्लास्टिक अगदी थोडं. बाकी सगळा बारीक बंद कप्प्यांत कोंडलेला वायू. साधारण 100 अंश सेल्सिअसला कप्प्यांच्या भिंती मऊ पडून आकसतात आणि तारेला वाट मिळते.

तार फार तापली, तर मात्र प्लास्टिकच्या लांब साखळ्या तुटून स्टायरिनची वाफ निघते. ती नाका-डोळ्यांना झोंबते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने स्टायरिनला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. म्हणून तार धूर न होण्याइतपतच तापवावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

आगीचं काय? इमारतींसाठीच्या बोर्डात ज्वालारोधक मिसळलेलं असतं, पण त्याचा उपयोग ठिणगी किंवा काडीपुरताच. मोठ्या आगीत हाच फोम वितळून जळते थेंब गाळतो आणि दाट काळा धूर सोडतो. डोंगरावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर द्यावा, तो याचसाठीही. भिजून घट्ट झालेल्या प्लास्टरच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत आच आत पोचायला वेळ लागतो.

रुळांच्या तारांना डाग देताना सोल्डरिंग गन फोमवर टेकवू नये. तिचं टोक 300 अंशांच्याही वर तापलेलं असतं.