वजन काट्यावर कमी, तरी पोटावर चरबी का?

बल्लारपूर असो की गडचिरोलीतले एखादे गाव, इथल्या ताटात भात असतोच. घास थोडा जास्त वेळ चावला की तो गोडसर लागतो. ही किमया लाळेतल्या अमायलेज या एन्झाइमची, म्हणजेच विकराची. पुढे या भाताची चरबी होते, तीही एन्झाइममुळेच.

चरबी साठते कशी?
भातातली गरजेपेक्षा जास्तीची साखर यकृत चरबीत बदलते. ही चरबी रक्तातून फिरते. लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम तिचे तुकडे करून चरबीपेशीत पोहोचवते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की त्याचे काम जोरात चालते. उपाशीपोटी किंवा श्रम करताना दुसरी लायपेज एन्झाइम हाच साठा फोडून शरीराला ऊर्जा देतात. साठवण जास्त आणि खर्च कमी झाला की पोट सुटते.

नव्या पेशी कुठून येतात?
शरीरात चरबीच्या ‘कच्च्या’ पेशी असतात. ‘११-बीटा-एचएसडी१’ हे एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनपासून सक्रिय कॉर्टिसॉल तयार करते. त्यामुळे कच्च्या पेशी पक्क्या होऊन चरबी साठवू लागतात. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांच्या चरबीपेशींत हे एन्झाइम वाढवले, तेव्हा त्यांच्या पोटावर चरबी चढली. एकदा तयार झालेल्या पेशी वजन घटल्यावर आकसतात, पण त्यांची संख्या फारशी कमी होत नाही.

बारीक माणसालाही धोका?
होय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. हे उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुणे जिल्ह्यातील गावांच्या अभ्यासातही हेच दिसले. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, चरबी मात्र टिकून होती.

मग काय करावे?
वजनकाट्यावर विसंबू नका, टेपने कंबर मोजा. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली, तर वजन कमी असले तरी रक्तातील साखर तपासून घ्या. भात सोडायची गरज नाही. ताटात त्याचा वाटा थोडा कमी करून डाळ आणि भाजी वाढवा, रोज चाला. साठा फोडणाऱ्या एन्झाइमना काम मिळते, ते असेच.