गोठण्याआधीचे काही मिलिसेकंद

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या आत निर्वात पोकळी असते. तिथं पाणी टिकत नाही, आणि पाणी गेलं की पाहायच्या प्रथिनाचा आकार मोडतो. नमुना साधा गोठवावा, तर बर्फाचे स्फटिक होऊन चित्रच बिघडतं. ही कोंडी फोडली झाक दुबोशे यांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत. पाणी सेकंदाला लाखभर अंशांहूनही अधिक वेगानं थंड केलं, तर रेणूंना स्फटिकात बसायला सवडच मिळत नाही आणि काचेसारखं बर्फ तयार होतं. २०१७च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता.

त्यासाठी उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन चालत नाही. नमुना आत पडताच नायट्रोजन उकळतो आणि नमुन्याभोवती वायूचं वेष्टण होतं; तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर तरंगत राहतो, तसंच. म्हणून नायट्रोजननं थंड केलेला द्रव इथेन वापरतात.

खरी अडचण मात्र इथेनमध्ये बुडी मारण्याआधी आहे. तीन मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर तीनेक मायक्रोलिटर द्रावण ठेवायचं, टिपकागदानं जवळजवळ सगळं शोषून घ्यायचं आणि उरलेला काही दशक नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा गोठवायचा. यात काही सेकंद जातात. एवढ्या पातळ थरात प्रथिनं मिलिसेकंदांतच हवेच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतात, तीही पुन्हा पुन्हा. काही तिथं उलगडतात, काही एकाच कुशीवर चिकटतात. मग त्रिमितीय रचना बांधायला बाकीच्या बाजू दिसतच नाहीत. यीस्टमधल्या मेदाम्लं बनवणाऱ्या एका मोठ्या विकराचे सुमारे ९० टक्के रेणू असे अंशतः विस्कटल्याचं २०१९मध्ये दिसलं. ग्राफीनच्या आधारावर ठेवलेले तेच रेणू शाबूत राहिले. महिनोन्‌महिने खपून शुद्ध केलेलं प्रथिन शेवटच्या दोन सेकंदांत हातचं जावं, हे फार चटका लावणारं आहे.

ब्रिजेट कॅरागर आणि क्लिंट पॉटर यांच्या गटानं घडवलेलं ‘स्पॉटिटॉन’ हे यंत्र इथं कामी येतं. त्यात टिपकागद नाही. इथेनकडे झेपावणाऱ्या जाळीवर वाटेतच बारीक थेंब उडवले जातात, जाळीवरचे नॅनोतंतू जादा द्रव पिऊन टाकतात आणि थेंब पडल्यापासून गोठेपर्यंतचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. पृष्ठभागाची बाधा अशानं बरीच घटते, पूर्ण टळत नाही.

पण वेगाचं मोल नुकसान टाळण्यापुरतं नाही, असं मला वाटतं. १९९५मध्ये केंब्रिजच्या नायजेल अनविन यांनी टॉर्पेडो माशातल्या ग्राहक-प्रथिनाची जाळी इथेनकडे जात असतानाच तिच्यावर ते प्रथिन उघडणारं ॲसिटिलकोलीन फवारलं. फवारा लागल्यापासून पाच मिलिसेकंदांच्या आत सारं गोठलं आणि उघडलेल्या अवस्थेतला आयनमार्ग टिपता आला. प्रथिनं काम करताना कशी हलतात, हे याच वाटेनं कळणार आहे.