उघडी वही : सीमाभागातल्या उद्योगांकडून शिकलेलं नेतृत्व

माणसांकडून काम करून घेणं वेगळं आणि माणसांना बरोबर घेऊन काम करणं वेगळं. हा फरक बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात शंभराहून अधिक वर्षं डोळ्यांसमोर आहे. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री चालवताना मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं या भागात आधीच तीन ठिकाणी घडून गेलं होतं. बेळगावातल्या किर्लोस्करांच्या कारखान्यात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि मच्छेच्या पॉलिहायड्रॉनमध्ये. या तिन्हींकडे पाहताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ज्याच्या हाती काम आहे, त्याच्या डोळ्यांसमोर त्या कामाचा हिशेबही हवा.

माणूस पारखणारे किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत ते जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. 1888 हे उद्योगाच्या प्रारंभाचं वर्ष मानलं जातं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही हेच भाऊ शिकवत. त्या दुकानाची आठवण किर्लोस्कर रोडच्या नावात अजून टिकून आहे. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली.

यंत्रांपेक्षा मला त्यांनी जमवलेली माणसं मोठी वाटतात. योजना आणि कारभार रामूअण्णांकडे. शंभोराव जांभेकर इंजिनाचे जाणकार. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार बघत. के. के. कुलकर्णी पडेल त्या अडचणीला धावून जात. अनंतराव फळणीकरांचं शाळेशी जमलं नव्हतं, पण कारखान्यात त्यांची कल्पकता फुलली. पूर्वी शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती रात्रीचा पहारा सोपवण्याचं धाडसही लक्ष्मणरावांनी केलं. शाळेचा दाखला किंवा मागचा डाग न पाहता माणसाचा कल बघायचा आणि त्या कामाची जबाबदारी पुरती त्याच्यावर टाकायची, ही त्यांची रीत होती. अर्धं काम सोपवून उरलेल्या अर्ध्यावर नजर ठेवणाऱ्या मालकाला असे फळणीकर मिळत नाहीत.

शहर वाढवण्यासाठी बेळगाव नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली, आणि किर्लोस्करांना ती सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेला तो माळ होता. 1910 मध्ये कामगार आपापली बिऱ्हाडं घेऊन तिथे राहायला गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पगारासाठी माणूस फार तर पाळी भरतो. निवडुंगाच्या माळावर बायकामुलांसह जायला कारखाना आपला वाटावा लागतो. 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केलं, तेही मुळात कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवण्यासाठी. माहिती वाटल्याने उद्योग वाढतो, हे त्या घराला फार लवकर उमगलं होतं.

निपाणी : छाट कोणाच्या हाती?

निपाणीचा धडा उलट्या बाजूने मिळतो. तंबाखूच्या व्यापाराने या गावात पैसा आणला. पण वखारीत तंबाखू कुटणाऱ्या-चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांना त्यातलं फार थोडं मिळालं. वखारीतल्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाई. विडीवालीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरे, आणि तो हिशेब संपूर्णपणे दुसऱ्याच्या हातात असे. पान खराब निघालं, कमी भरलं, तर ती पदरच्या पैशाने पान विकत घेई. वळलेल्या विड्या घेऊन गेल्यावर तपासणारा त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला टाकी. त्या का टाकल्या, हे विचारायची सोय नव्हती. छाटीची मजुरी बुडे.

विडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये कायदा झाला. घरी विडी वळणाऱ्या बाईला किती माल दिला आणि तिने किती विड्या आणल्या, याची नोंदवही तिच्या हाती असावी, अशी तरतूद त्याखाली होती. कागदावरची ही वही बाईच्या हातात पडण्यासाठी संघटना उभारावी लागली. देवचंद कॉलेजचे प्राध्यापक सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांच्या सांध्यावर हजारो बायका रस्त्यावर आल्या. दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने 1982 मध्ये या बायकांवर माहितीपट केला. त्यात बायका स्वतःच बोलतात, मजुरीचा हिशेब स्वतःच मांडतात.

याच निपाणीत 1981च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठिय्या दिला. 6 एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. शरद जोशींच्या सभेत घोषणांइतकंच महत्त्व उत्पादनखर्चाच्या आकडेमोडीला असे. बियाणं, खत, मजुरी यांची बेरीज शेतकऱ्याच्या तोंडून वदवून घेतली जाई. आपला खर्च किती, हे एकदा उमगलेला शेतकरी मग भावासाठी रस्त्यावर तळ ठोकून बसला.

मालक म्हणून मी निपाणीकडे फार गांभीर्याने बघतो. हिशेब लपवलेल्या धंद्यात माणसं आज ना उद्या हिशेब मागायला उभी राहतात, आणि तेव्हा ती मालकाच्या समोरच्या बाजूला असतात.

मच्छेतला प्रयोग

तिसरं ठिकाण आमच्या हाकेच्या अंतरावरचं. सुरेश हुंद्रे यांनी 1981 मध्ये पॉलिहायड्रॉनचा पाया घातला. मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्यात हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनतात. पण त्याचं नाव झालं ते कारभाराच्या पद्धतीने. लाच द्यायची नाही, कर चुकवायचा नाही, कामगारांवर सुपरवायझर नेमायचा नाही आणि कंपनीचे आकडे कामगारांपासून झाकायचे नाहीत. बेळगावातल्या अनेक कारखानदारांनी हुंद्रे यांच्याकडून हे प्रत्यक्ष ऐकलं आहे.

कर चुकवणाऱ्या मालकाला दोन वह्या ठेवाव्या लागतात, आणि दोन वह्या ठेवणारा कामगारांसमोर कुठलीच वही उघडू शकत नाही. हुंद्रे यांची सचोटी आणि त्यांचा मोकळेपणा ही एकाच निर्णयाची दोन टोकं आहेत, हे ध्यानात आलं की नीतीकडे बघण्याची नजर बदलते. सचोटीमुळे मालकाला आपल्याच माणसांशी खरं बोलता येतं.

शॉपफ्लोअरवर रोज

आता माझ्या फाउंड्रीतलं. आमच्याकडे कोणी खानापूरकडून येतो, कोणी बैलहोंगलकडून. साच्यापाशी मराठी, भट्टीपाशी कन्नड, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही. वाळूतला ओलावा किती, ओतताना धातूचं तापमान किती, काल किती कास्टिंग रिजेक्ट झाली, हे सगळं फळ्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलेलं असतं. खाली रिजेक्शनचं रुपयांतलं नुकसानही.

सकाळी फेटलिंगमधून आलेली सदोष कास्टिंग टेबलावर मांडतो. मोल्डर, कोअरवाला, भट्टीवाला आणि वाळूच्या मिलवरचा माणूस असे सगळे भोवती उभे राहतात. वायूचं भोक गुळगुळीत दिसलं की बोटं वाळूतल्या पाण्याकडे किंवा कोअरच्या भाजणीकडे वळतात. मग फळ्यावरचा आकडा बघायचा. ओलावा वाढलेला असेल तर वाद तिथेच संपतो. “अण्णा, उन्हाने वाळू सुकते म्हणून दुपारी पाणी जास्त पडतंय,” असं मिलवरचा माणूस स्वतःहून सांगतो. आकडा सगळ्यांसमोर असला की दोष कामात शोधला जातो, माणसात शोधावा लागत नाही. या टेबलापाशी मी शेवटी बोलतो. मालक आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात आणि खरं कारण वाळूतच राहतं.

आज उद्यमबागेपुढची खरी अडचण ठेक्यावरच्या माणसांची आहे. ठेकेदार बदलला की माणसं बदलतात, आणि हातातलं कसब गेटबाहेर जातं. ज्याचं नाव आपल्या पगारपत्रकात नाही, त्याच्याकडून आपुलकीची अपेक्षा धरण्याचा आपल्याला हक्क नाही. जी कामं कारखान्याचा जीव आहेत, ती करणारी माणसं कायम असावीत. खर्च वाढतो हे खरं. पण रोज नव्या हाताने बिघडणाऱ्या कास्टिंगचा खर्च त्याच वहीत लिहून बघावा, मग ठरवावं.

दिवाळीच्या पाडव्याला आपण वहीपूजन करतो. माझी समव्यवसायी मित्रांना कळकळीची विनंती आहे. यंदा कामगारांनाही पूजेला बोलवा आणि प्रसाद वाटून झाल्यावर सरत्या वर्षाची वही त्यांच्यासमोर वाचा. विक्री किती, व्याज किती, रिजेक्शन किती, नफा किती आणि त्यातला त्यांचा वाटा किती. पहिल्या वर्षी प्रश्न अवघड येतील. त्यांची उत्तरं द्यावी लागणार हे माहीत असलं, की पुढच्या वर्षभराचा कारभार आपोआप सरळ होतो.