पिशवीशेजारचा फुगवटा : ऑपरेशन कधी आणि कोणते?

मोठ्या आतड्याचा कर्करोग, विषमज्वराने किंवा क्षयाने फुटलेले आतडे, आतड्याला पडलेला पीळ, कधी बैलाच्या शिंगाने झालेली पोटाची जखम. कारण काहीही असो, जीव वाचवण्यासाठी अनेकदा आतड्याचे टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढावे लागते. त्या तोंडाला वैद्यकात ‘स्टोमा’ म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याचा असेल तर इलिओस्टोमी. बोलीत मात्र एकच शब्द आहे : ‘पिशवी’. ‘त्याला पिशवी लावली आहे’ म्हटले की गावात सगळ्यांना समजते.

सुरुवातीचे दिवस कठीण जातात, पण बहुतेक जण हळूहळू सरावतात. शेतावर जातात, एसटीने फिरतात, लग्नकार्यात जेवतात. मग एक-दोन वर्षांनी आंघोळ करताना लक्षात येते, की पिशवीच्या बाजूचे पोट फुगले आहे. उभे राहिले किंवा खोकले की फुगवटा वाढतो, आडवे झाले की बसतो. हा स्टोमाशेजारचा हर्निया, म्हणजे अंतर्गळ. अनेकांना वाटते की जुना आजार परत आला, आणि भीतीपोटी ते दवाखान्यात जायचेच टाळतात. तसे करू नये. बहुतेक वेळा हा फुगवटा कर्करोगाचा नसतो. मात्र आधी कर्करोग झालेला असेल, तर तपासून खात्री करून घेणे आवश्यक असते.

हा हर्निया होतो कसा?

आतडे बाहेर काढायचे तर पोटाच्या स्नायूंना भोक पाडावेच लागते. खोकला, जोर, वजन उचलणे यांचा ताण रोज त्या भोकावर येतो आणि ते सैल होत जाते. शेवटी आतड्याचा आणखी एखादा वेढा स्टोमाच्या बाजूने त्वचेखाली सरकतो. युरोपियन हर्निया सोसायटीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, कायमचा स्टोमा असलेल्यांपैकी तीस टक्क्यांहून अधिक जणांना वर्षभरात, चाळीस टक्क्यांना दोन वर्षांत आणि त्यापुढे निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांना असा हर्निया होतो. तेव्हा यात रुग्णाने स्वतःला किंवा सर्जनला दोष देण्यासारखे फारसे काही नसते.

काही गोष्टींनी मात्र धोका वाढतो : वाढलेले वय, सुटलेले पोट, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, प्रोस्टेटमुळे लघवीला करावा लागणारा जोर, ऑपरेशनच्या जखमेत झालेला पू, कुपोषण आणि विडी-सिगारेट. तंबाखूने जखम भरणे मंदावते. खर्रा चघळण्याची सवय घरोघरी असलेल्या वर्धा जिल्ह्यात हे ठळकपणे सांगायला हवे.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही

हर्निया म्हटला की ऑपरेशन, असे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के आहे. जांघेतल्या हर्नियाच्या बाबतीत ते बरेचसे लागू पडते. स्टोमाशेजारच्या हर्नियाचे तसे नाही. इथे ऑपरेशन अवघड असते, पोट आधीच एकदा उघडलेले असते, आतडी एकमेकांना चिकटलेली असतात आणि हर्निया परत होण्याचे प्रमाणही बरेच असते. म्हणून फुगवटा लहान असेल, दुखत नसेल आणि पिशवी नीट बसत असेल, तर थांबून लक्ष ठेवणे हाच योग्य निर्णय ठरतो.

थांबणे म्हणजे काही न करणे नव्हे. पोटाचा आकार बदलला की जुन्या मापाची चकती बसत नाही, कडेने गळते आणि त्वचा सोलवटते. यासाठी स्टोमाचे माप पुन्हा घ्यावे आणि चकतीचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे कापावे. फुगवट्यावर वळेल अशी मऊ चकती मागावी. हर्नियासाठीचा आधारपट्टा सकाळी उठण्याआधी, आडवे असताना आणि फुगवटा आत बसलेला असतानाच बांधावा. तो मापाचा हवा, आणि पिशवीत मल येण्याची वाट त्याने दाबली जाता कामा नये. खोकताना स्टोमाच्या बाजूला हाताचा हलका आधार द्यावा.

ऑपरेशनचा विचार केव्हा?

वारंवार दुखणे, पोट फुगून मल अडणे आणि पुन्हा सुटणे, सगळे उपाय करूनही पिशवी न टिकणे, त्वचेला सतत जखमा होणे, आणि फुगवट्यामुळे स्वतःचा स्टोमाच न दिसणे ही ऑपरेशनची रास्त कारणे आहेत. आणखी एक कारण केसपेपरवर सहसा लिहिले जात नाही. गळतीच्या भीतीने माणूस बाजारात जात नाही, पाहुण्यांकडे मुक्काम करत नाही, घरातही वेगळा झोपतो. आयुष्य असे आक्रसत चालले असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. निर्णय घेताना तेही धरायचे असते.

ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका

फुगवटा एकाएकी कडक झाला, खूप दुखू लागला, आडवे होऊनही आत जात नाही, पिशवीत मल किंवा वायू येणे थांबले, उलट्या सुरू झाल्या, किंवा ओठांच्या आतल्या भागासारखा लाल असणारा स्टोमा जांभळा-काळा पडला, तर आतडे अडकले असण्याची किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी जुलाबाचे औषध घेऊ नये, पोट चोळू नये, फुगवटा जोराने आत ढकलू नये, तोंडाने काही खाऊ-पिऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सर्जन असलेले रुग्णालय गाठावे. आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या गावातून वर्ध्याला यायलाच बराच वेळ जातो. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ या विचारात गेलेले तास आतड्याच्या जिवावर बेततात.

कोणते ऑपरेशन?

पहिला प्रश्न असा, की स्टोमा कायमचा आहे की तात्पुरता? तात्पुरता असेल आणि आतडे पुन्हा जोडण्याजोगे असेल, तर स्टोमा बंद करतानाच हर्नियाही दुरुस्त करता येतो. हा सर्वांत चांगला मार्ग आहे. ‘आता सवय झाली’ म्हणून तात्पुरता स्टोमा वर्षानुवर्षे तसाच ठेवणारे रुग्ण आहेत. त्यांनी हा प्रश्न आवर्जून विचारावा.

स्टोमा कायमचा असेल तर तीन मार्ग उरतात. पहिला, सैल झालेले भोक टाक्यांनी आवळणे. हे सोपे आहे, पण हर्निया परत होण्याचे प्रमाण इतके जास्त आहे, की नियोजित ऑपरेशनसाठी २०१८ च्या सूचनांत याला स्पष्ट नकार दिला आहे. दुसरा, स्टोमा पोटावर दुसऱ्या जागी हलवणे. त्यात नव्या भोकाशी नवा हर्निया होऊ शकतो, आणि जुनी जागा कमकुवत राहते ती वेगळीच. तिसरा मार्ग जाळीचा.

जाळी बसवण्याच्याही दोन प्रमुख पद्धती आहेत. एकीत जाळीला भोक पाडून त्यातून आतडे बाहेर काढतात. दुसरी पद्धत अमेरिकन सर्जन पॉल शुगरबेकर यांनी १९८५ साली मांडली. तीत अखंड जाळी पोटाच्या आतून लावतात आणि आतडे जाळी व पोटाची भिंत यांच्यामधून आडवे नेऊन बाहेर काढतात. पोटातला दाब वाढला की जाळी आतड्याला भिंतीशी धरून ठेवते, त्यामुळे दुसरा वेढा शिरायला जागा कमी मिळते. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे असेल, तर भोकाच्या जाळीपेक्षा अखंड जाळी बरी, असे या सूचना सांगतात. दुर्बीण की पोट उघडून, हे मात्र आधीच्या ऑपरेशनांवर, चिकटलेल्या आतड्यांवर आणि सर्जनच्या अनुभवावर ठरते.

हर्निया होऊच नये म्हणून पहिल्याच ऑपरेशनमध्ये जाळी बसवावी, असाही सल्ला कायमच्या कोलोस्टोमीसाठी दिला गेला. नंतरच्या काही अभ्यासांत मात्र त्याचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. त्यामुळे या बाबतीत सर्जनांमध्ये आजही मतभेद आहेत.

तयारी घरूनच सुरू होते

नियोजित ऑपरेशनला काही आठवडे हातात असतात. ते वाया घालवू नयेत. खर्रा, तंबाखू, विडी किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद करावी. खोकला असेल तर छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी. साखर आटोक्यात आणावी, हिमोग्लोबिन वाढवावे, जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे वाढवावेत. बद्धकोष्ठ आणि लघवीचा त्रास यांवर आधीच उपचार घ्यावेत. सीटी स्कॅनवर हर्नियाचा आकार कळतो आणि कर्करोग परतला आहे का, हेही पाहता येते.

जुन्या ऑपरेशनचा कागद फार मोलाचा आहे. कोणता भाग काढला, कोणते टोक बाहेर आणले, आत काय शिल्लक आहे, हे त्याशिवाय सर्जनला नेमके कळत नाही. कागद हरवला असेल तर जुन्या रुग्णालयातून प्रत मागवावी.

स्टोमा हलवायचा असेल तर नव्या जागेची खूण ऑपरेशनच्या आधी, रुग्णाला उभे करून, बसवून आणि वाकवून करायची असते. धोतराची गाठ, साडीच्या परकराची नाडी, पँटचा पट्टा कुठे येतो, ते दाखवावे. कापूस वेचणाऱ्या बाईने कमरेला बांधायच्या फडक्याची जागाही सांगावी. कागदावर उत्तम दिसणारी जागा कामाच्या वेळी नेमकी गाठीखाली येऊ शकते.

नंतरचे दिवस

ऑपरेशननंतर स्टोमा सुजतो आणि पुढचे काही आठवडे त्याचा आकार बदलत राहतो. म्हणून दर आठवड्याला माप घेऊन चकती कापावी. पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोहून जास्त वजन उचलू नये. भरलेली बादली पंधरा किलोच्या वर जाते, युरियाची गोणी ४५ किलोची असते. ही कामे त्या काळात दुसऱ्याकडे सोपवावीत, आणि गोणी तर पुढेही नकोच. दुखणे नसलेल्या हर्नियाचे ऑपरेशन कापसाचा हंगाम उरकल्यावर ठरवायला हरकत नाही. मात्र मे महिन्यातल्या वर्ध्याच्या उन्हात घामाने चकती सुटते आणि इलिओस्टोमी असलेल्यांच्या अंगातले पाणी-मीठ झपाट्याने कमी होते. त्यांनी साध्या पाण्यावर न भागवता ओआरएस जवळ ठेवावे.

खर्चाची चौकशी आधी करावी. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय, जिथे उपचार घ्यायचे तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन आणि जाळी बसते का, हे रेशनकार्ड दाखवून विचारावे. पिशव्यांची माहिती आणि अनुभवी माणसांचा आधार मुंबईच्या ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाकडून मिळू शकतो. स्वतः स्टोमा असलेल्या नॉर्मा गिल या अमेरिकन बाईंनी १९५८ साली क्लीव्हलंडमध्ये अशा रुग्णांना शिकवण्याचे काम सुरू केले, आणि त्यातूनच आजची स्टोमा परिचर्या उभी राहिली. ज्याने हे सोसले, त्याच्या चार शब्दांना वेगळे वजन असते.

सर्जनला भेटताना पाच प्रश्न लिहून न्यावेत : माझा स्टोमा बंद होऊ शकतो का? ऑपरेशन न केल्यास काय होईल? जाळी कोणत्या पद्धतीने बसवणार? हर्निया परत होण्याची शक्यता किती? आणि तुम्ही अशी ऑपरेशने करता का, की नागपूरला जाणे बरे? शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. विचारण्यात गैर काही नाही. चांगला सर्जन त्याचे सरळ उत्तर देतो.