खिडकीवरचा शिक्का: जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेत प्रवेश

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेशाचा हक्क मिळाला, असा समज सर्वत्र रूढ असला, तरी अमेरिकेच्या कायद्यात व्हिसा म्हणजे केवळ देशाच्या वेशीपर्यंत येऊन प्रवेश मागण्याची परवानगी होय. हा व्हिसा परराष्ट्र खात्याचा वाणिज्य दूतावास देतो. प्रवाशाला आत घ्यायचे की नाही, कोणत्या दर्जाने घ्यायचे आणि किती काळासाठी, हे मात्र विमानतळावरच्या खिडकीमागे बसलेला सीबीपीचा, म्हणजे सीमाशुल्क व सीमा संरक्षण विभागाचा अधिकारी ठरवतो. त्यामुळे लग्नानंतर पती किंवा पत्नीकडे निघालेल्या व्यक्तीचे अमेरिकेतील कायदेशीर आयुष्य व्हिसाच्या तारखेपासून नव्हे, तर या खिडकीवरच्या नोंदीपासून सुरू होते.

जोडीदाराचे व्हिसा मुख्यतः दोन जातींचे असतात. पहिला स्थलांतरितांचा, म्हणजे कायम वास्तव्यासाठीचा. अमेरिकी नागरिकाच्या पतीला किंवा पत्नीला तो लग्नाला किती काळ झाला यानुसार सीआर-१ किंवा आयआर-१ या नावाने मिळतो. दुसरा अवलंबितांचा, एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणारा एच-४ हा त्यातला मराठी घरांत सर्वाधिक परिचित प्रकार असून, त्यावरचे वास्तव्य तात्पुरते आणि मूळ नोकरदाराच्या दर्जावर अवलंबून असते.

ही तपासणी प्रवाशाच्या अंतिम मुक्कामी होत नाही, तर अमेरिकेच्या ज्या विमानतळावर तो प्रथम उतरतो तेथे होते. मुंबईहून नेवार्कमार्गे डॅलसला जाणाऱ्याला नेवार्कलाच इमिग्रेशन पार करून, सामान ताब्यात घेऊन, ते पुढील विमानासाठी पुन्हा सोपवावे लागते, म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे शहाणपणाचे ठरते. अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांच्या बाबतीत एक अपवाद संभवतो: तेथे २०१४ पासून सीबीपीचे पूर्वतपासणी केंद्र असून, त्या केंद्रातून सुटणाऱ्या विमानाचे प्रवासी अमेरिकेचे सोपस्कार अबू धाबीतच उरकतात.

खिडकीवर पासपोर्ट पाहिला जातो, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते आणि जोडीदार कोण, कोठे राहतो, यांसारखे साधे प्रश्न विचारले जातात. स्थलांतरित व्हिसाधारकाला पुढे बहुधा दुसऱ्या दालनात बसवले जाते. ‘सेकंडरी’, म्हणजे दुय्यम तपासणी, हे नाव ऐकून अनेकांना धसका बसतो; पण नव्या स्थलांतरिताच्या बाबतीत तो संशय नसून कागदपत्रे पुरी करण्याचा नेहमीचा टप्पा असतो. दूतावासाने मोहोरबंद पाकीट दिले असेल, तर ते न फोडता येथेच अधिकाऱ्याच्या हाती द्यायचे असते. अलीकडे बहुतेक प्रकरणांत ही कागदपत्रे संगणकाद्वारेच पोहोचलेली असतात. अधिकाऱ्याने व्हिसावर शिक्का मारला की तोच व्हिसा एक वर्षापर्यंत तात्पुरत्या ग्रीन कार्डाचे काम करतो, आणि प्रत्यक्ष कार्ड नंतर टपालाने येते. ते कार्ड तयार होण्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ते २३५ डॉलर आहे.

या शिक्क्यातील दर्जाचे अक्षर फार मोलाचे असते. केवळ वास्तव्यासाठी केलेल्या बनावट विवाहांना आळा घालण्याकरिता अमेरिकेने १९८६ साली असा कायदा केला की, प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर जोडीदाराला दोन वर्षांचे सशर्त वास्तव्य द्यावे. ही सशर्त मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नीने मिळून आय-७५१ हा अर्ज भरला नाही, तर दर्जा रद्द होतो. येथे मोजला जातो तो मुलाखतीचा नव्हे, तर प्रवेशाचा दिवस. म्हणून व्हिसावर सीआर-१ असले, पण उतरण्यापूर्वी लग्नाला दोन वर्षे पूर्ण झाली असतील, तर विवाह प्रमाणपत्र दाखवून आयआर-१ या बिनशर्त दर्जाने नोंद करण्याची विनंती खिडकीवरच करावी.

एच-४ धारकासाठी मोलाचे असते ते आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि वास्तव्याच्या अखेरच्या तारखेची नोंद. विमानप्रवाशांसाठी २०१३ पासून ती संगणकीय झाली असून, सीबीपीच्या संकेतस्थळावर पाहता येते. व्हिसावर छापलेली मुदत आणि आय-९४ वरची मुदत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि देशात किती दिवस राहता येईल हे दुसरी ठरवते. पासपोर्ट लवकर संपणार असेल, तर अनेकदा वास्तव्याची मुदतही तेथपर्यंतच दिली जाते; पतीची २०२८ पर्यंत आणि पत्नीची २०२७ पर्यंत, अशी तफावत त्यातून घडते आणि ती लक्षात न आल्यास पत्नीचे पुढचे वास्तव्य बेकायदा ठरते.

महाराष्ट्रात लग्नानंतर वधूचे मधले नाव व आडनाव, काही घरांत पहिले नावही बदलण्याची चाल असल्याने, पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि लग्नानंतरची कागदपत्रे सासरच्या नावाची, असे चित्र नेहमी दिसते. खिडकीवर पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट यांवरचे नाव एकच असले पाहिजे. बदललेल्या नावाचा दुवा जोडण्यास विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातल्या पिशवीत असावी, कारण सामानाची बॅग इमिग्रेशन पार केल्याखेरीज हाती येत नाही.

त्यानंतर उरते ती सीमाशुल्काची तपासणी. तेथे आंबे, भाजीपाला, मांस असा माल लपवल्यास दंड होतो आणि १०,००० डॉलरहून अधिक रोकड जाहीर करावी लागते. खाद्यपदार्थ प्रामाणिकपणे जाहीर केल्यास फार तर जिन्नस जप्त होतो.

हे सारे आटोपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या माणसाकडे धाव घेण्याची घाई स्वाभाविक असली, तरी शिक्क्यावरचा दर्जा आणि तारीख तेथेच वाचून घ्यावी. चूक आढळल्यास अधिकारी ती उभ्या उभ्या सुधारू शकतो. एकदा दाराबाहेर पडल्यावर त्यासाठी सीबीपीच्या वेगळ्या कार्यालयाकडे कागदपत्रांसह दाद मागावी लागते.